चार बोटं लाल दोरा

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला नाही. देवापुढेही कधी बोलले नाही — देवापुढे मी तशीही फारशी बोलत नाही, ते सोडा. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तरी आता त्यानं फरक पडत नाही.

बावन्न वर्षांची आहे. आखाडा बाळापूरला शिवणकामाचं दुकान आहे, मुलींना शिवण शिकवते. नलूताईचा हात सरळ, असं लोक म्हणतात. शिवण सरळ आहे, एवढं खरं.

सुरुवात दोऱ्यापासून करायला हवी. पण दोऱ्यापर्यंत पोचायला मला थोडा वेळ लागेल. एकदम सांगता येत असतं, तर वीस वर्षं कशाला लागली असती?

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. वारंगा फाट्याच्या अलीकडे एक मोठं माळरान होतं — ना झाड, ना विहीर, नुसतं कुसळी गवत. हैदराबादच्या एका निवृत्त कॅप्टनसाहेबांनी ते भाड्यानं घेतलं आणि तिथं पॅराशूटच्या उड्यांचा क्लब काढला. हिवाळ्याचे तीन-चार महिने चालायचा. विमान नांदेडहून उडायचं. उडी मारणारी पोरं आमच्या माळावरून जीपनं नांदेडला जायची, तिथं विमानात बसायची, आणि तासाभराचा रस्ता दहा मिनिटांत कापून आमच्या डोक्यावर येऊन पडायची. पडायची नाही — उतरायची. 'पडली' हा शब्द कॅप्टनसाहेबांना चालायचा नाही.

आसपासची माणसं पॅराशूटला छत्री म्हणायची. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

एक छत्री माळापलीकडच्या बाभळीच्या काट्यांत फाटली म्हणून साहेब माझ्या दुकानात आले होते. इतकं पातळ कापड मशीनवर शिवता येईल का, असं विचारलं. मी शिवून दिलं. त्यांनी शिवण उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "बाई, कल से उधरीच आ जाओ." गेले. आधी फाटकं शिवायला, मग छत्र्यांच्या घड्या घालायला.

तिथं सोनाबाई होती. माळापासून चार किलोमीटरवर तिचा बंजाऱ्यांचा तांडा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, ते सोडून इथं झाडलोटीला लागली होती. पण तिचे हात झाडलोटीचे नव्हते. घागऱ्यावर आरसे टाचणारे हात. डावखुरी होती. साहेब पोरांना घडी शिकवत असताना ती झाडू हातात धरून बघत राहायची, आणि आठवड्याभरात पोरांच्या घड्या सुधारायला लागली. मला घडी तिनंच शिकवली. माझ्या घड्यांना हसायची, "टेलरबाई, बिलाऊज न्हाई हे. काखेत दाटलं तं बाई वरडंल. हे दाटलं तं वरडायला बी कोणी राहणार न्हाई."

आता छत्रीचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. खालची मोठी, रोजची. वरची लहान — रिझर्व्ह. रोजची नीट उघडली नाही, तर उजवीकडची मूठ ओढून ती सोडून द्यायची, डावीकडची ओढून रिझर्व्ह उघडायची. रोजच्या छत्रीच्या पाठीशी रिझर्व्ह असते. रिझर्व्हच्या पाठीशी जमीन असते.

म्हणून रिझर्व्हचा मान वेगळा. उघडली नाही तरी चार महिन्यांनी ती काढायची, वाऱ्यावर धरायची, पुन्हा घडी घालून बंद करायची. तिच्यासोबत एक कार्ड असतं — घडी कोणी घातली, नाव आणि सही. साहेबांनी हे काम मला दिलं होतं. मला लिहिता येतं म्हणून. "अंगूठे पे कोई नहीं कूदता," असं ते सोनाबाईला म्हणाले होते, हसत हसत.

पण मला रिझर्व्हची भीती वाटायची. मी घाबरट नाही, हो. घरात साप निघाला तर काठी मीच घेते. पण रिझर्व्ह समोर आली की हाताला घाम सुटायचा, आणि ओल्या हातानं घडी घालता येत नाही. मग साहेब नांदेडला गेले की ते काम सोनाबाई करायची. शांतपणे, गुडघ्यानं हवा दाबत, तोंडानं काहीतरी गुणगुणत. "भ्या काहून वाटतं तुला?" ती म्हणायची. "झोळीत लेकरू टाकतो तसं टाकायचं. लेकरू पडंल म्हून कोणी झोळीच बांधत न्हाई का?"

घडी तिची, सही माझी. साहेबांना पत्ता नव्हता. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला सोयीचं होतं.

रोजच्या छत्र्या आम्ही दोघीही बांधायचो. त्याही कोणी बांधल्या ते कळावं, म्हणून प्रत्येक पिशवीत नावाची चिठ्ठी टाका, असं साहेब म्हणाले. तेव्हा सोनाबाई म्हणाली, "मला लिव्हता येत न्हाई साहेब. मी दोरा बांधते." छत्रीची घडी आधी एका लहान आतल्या पिशवीत बसते, आणि छत्री सुटली की ती पिशवीही तिच्याबरोबरच जाते. तिनं त्या आतल्या पिशवीच्या फाशाला चार बोटं लांबीचा लाल दोरा बांधून दाखवला. साहेबांना आवडलं. तिचा लाल, माझा पांढरा. दोन्ही रिळं माझ्याच कमरेच्या बटव्यात असायची, छोट्या कात्रीसोबत. तिला दोरा लागला की ती हात पुढे करायची.

ही सगळी युक्ती तिची होती, हे लक्षात ठेवा.

वैशाली हिंगोलीची. वडील शाळेत शिक्षक. बावीस-तेवीस वर्षांची, उंच, हसरी, बोलायला लागली की थांबत नसे. तीसेक उड्या झाल्या होत्या. येताना फाट्यावरची भजी आणायची, आणि आम्ही घड्या घालत असताना शेजारी मांडी घालून बसायची. मला मावशी म्हणायची, सोनाबाईला काकी. क्लबातल्या एक-दोघांना कधी ना कधी रिझर्व्ह उघडावी लागली होती. त्यांची मोठी मिजास. वैशाली म्हणायची, "मावशी, रिझर्व्ह उघडायचा योग माझ्या पत्रिकेतच नाही बघा." सोनाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला होता. "थू थू कर. असं बोलू न्हाई."

त्या दिवशी पाहुणे येणार होते. माळाची जागा कायमची मिळायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. शिवाय, साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं की दिवस नीट पार पडला, तर एकीला बाहेरगावी मोठ्या क्लबात शिकायला पाठवतील. पुढची परीक्षा, पुढचा दाखला. एकीला म्हणजे मलाच. सोनाबाईला सही येत नव्हती.

सकाळी दोन खेपा झाल्या. दुपारी शेवटची खेप, पाहुण्यांसमोर. चौघे उडी मारणार होते, चौथी वैशाली. तिची आई पहिल्यांदाच बघायला येणार होती. तीन छत्र्या सोनाबाईनं बांधल्या. वैशालीची मी घेतली, तेव्हा शेडमध्ये मी एकटीच होते.

वारा सुटला होता. ताडपत्रीचं एक टोक सारखं उडत होतं. मी घडी घातली, गुडघ्यानं हवा काढली, माणूस ज्यांना लटकतो त्या दोऱ्यांचा जुडगा मधोमध आणला. पिशवीत सरकवताना —

पिशवीत सरकवताना मला दिसलं की एक दोरी पुढच्या घडीवरून आडवी आली आहे.

'दिसलं' म्हणते आहे. 'वाटलं' म्हणत नाही. पंधरा-वीस वर्षं मी स्वतःशी 'वाटलं' म्हणत होते. मला दिसलं. सगळी घडी उकलून पुन्हा घालायला वीस मिनिटं लागली असती. जीपचा हॉर्न वाजत होता. साहेब बाहेरून ओरडत होते, "नलूबाई, आज होंगा क्या कल?" आणि मी मनात म्हणाले, हवेत झटक्यानं निघून जाईल. दोरी आत लोटली. पिशवी बंद केली. फाशाला पांढरा दोरा बांधला.

वैशालीनं पाठ केली, मी पट्टे तिच्या खांद्यावर चढवले. ती म्हणाली, "मावशी, हात किती गार आहेत तुमचे." आणि धावत जीपमध्ये चढली.

आता तास सुरू झाला. जीप नांदेडला पोचेपर्यंत तास. विमान उडेपर्यंत आणखी थोडा. त्या वेळात काय काय करता आलं असतं? साहेब तिथंच उभे होते, वीस पावलांवर. मी जाऊन म्हणायचं होतं — वैशालीला थांबवा, तिची छत्री पुन्हा बांधते. सहा-सात शब्द. साहेब चिडले असते. पाहुण्यांसमोर चौथी उडी झाली नसती. दाखला गेला असता. बस. आणखी काही नाही. कोणी मेलं नसतं.

मी त्यांच्याकडे गेले नाही. फाट्यावर गेले. तिथं एसटीडीचं दुकान होतं. मनात असं होतं की नांदेडच्या धावपट्टीवरच्या ऑफिसला फोन लावायचा आणि नाव न सांगता सांगायचं. बघा माझी अक्कल — पोरगी वाचावी, पण मी सापडू नये. दुकानात एक माणूस फोनवर होता. ट्रक कुठंतरी बंद पडला होता, त्याचं तो मालकाला समजावत होता, तेच तेच. मी दारात उभी राहिले. नंबराचा कागद हातात होता. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. दुकानदार म्हणाला, "बाई, होऊनच राहिलं त्याचं. बसा." मी बसले नाही. तो कागद चुरगाळला आणि माळावर परत आले.

त्या माणसाचं बोलणं संपलं असतं, तर मी फोन केला असता का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला. उत्तर मला माहीत आहे. बाहेर येताना मला वळून बघायचं नव्हतं, कारण त्यानं फोन खाली ठेवलेला दिसला असता.

माळावर शाळेची मुलं रांगेत बसवली होती. पाहुण्यांना खुर्च्या होत्या. वैशालीची आई पहिल्या रांगेत, नऊवारी नेसून, डोळ्यांवर हाताची सावली धरून. साहेबांच्या हातात वॉकीटॉकी होता. विमानाचा आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून अंगठा वर केला. "सब बराबर ना?"

मी मान हलवली. हो.

चार ठिपके सुटले. एक उघडला, दोन, तीन. रंगीत, चौकोनी, डौलात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चौथा उघडला तो चौकोनी नव्हता. मधोमध करकचून बांधलेल्या गाठोड्यासारखा, दोन टोकं फुगलेली. आणि तो फिरायला लागला. आधी हळू, मग जोरात — गोफण फिरावी तसा, आणि गोफणीच्या टोकाला ती.

मुलांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, हा खास खेळ आहे. तिची आईसुद्धा टाळ्या वाजवत होती. ते मी पाहिलं.

सोनाबाई माझ्या शेजारी होती. तिनं माझा दंड धरला. वर बघतच विचारलं, "कोणाचा दोरा हाय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

ते पहिलं खोटं. ती पुढे पुटपुटली, "रिझर्व्ह माझी हाय. ओढ पोरी. माझी हाय ती, ओढ." मग तिच्या बोलीत, "याडी, याडी" — आई, आई.

वैशालीनं मोठी छत्री सोडली. ती वाऱ्यावर एकीकडे गेली आणि पोरगी सरळ खाली यायला लागली. दगड येतो तशी. टाळ्या थांबल्या. त्या वेळी मी काय करत होते सांगू? मी पोरीकडे बघत नव्हते. मी सुटलेल्या छत्रीकडे बघत होते — ती कुठे उतरते आहे तिकडे.

रिझर्व्ह उघडली. फट् असा आवाज झाला, चादर झटकावी तसा. पांढरीशुभ्र, लहान. जमिनीपासून फार वर नव्हती, पण पुरेशी वर होती. सगळा माळ ओरडला. सोनाबाई धावत सुटली, पोरीच्या दिशेनं, पायात काही न घालता, कुसळांतून.

ती पोरीकडे धावली. मी छत्रीकडे धावले.

छत्री माळाच्या कडेला, हळदीच्या वावरात पडली होती. हळद काढणीला आली होती, पाला वाळून पिवळा झालेला. छत्री त्यात पसरली होती आणि वाऱ्यानं फुगत होती, दबत होती. आतली पिशवी सरीत पडली होती. मी बांधावरून उडी मारली. वावरात कोणी नव्हतं. बटव्यातून कात्री काढली, पांढरा दोरा कापला. लाल रीळ काढलं, चार बोटं मोजली — हो, मोजली, हाताला सवय असते — तोडला, बांधला. गाठ घट्ट केली.

किती वेळ लागला असेल? सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा.

कापलेला पांढरा दोरा मी तोंडात धरला होता. शिंपी धरतात तसा. वळले तर साहेब बांधावर. "मिला क्या?" त्यांनी विचारलं. तोंड उघडलं असतं तर दोरा दिसला असता. मी गिळला.

साहेबांनी छत्री माळावर पसरून पाहिली. कापडावर एक लांब, काळपट चरा उठला होता. दोरी घासून भाजलेला. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी आतली पिशवी उचलली, फासा पाहिला. "लाल," ते म्हणाले.

सोनाबाई वैशालीला हाताशी धरून येत होती. पोरीच्या ओठाला रक्त होतं, पण चालत होती. साहेबांनी सोनाबाईपुढे पिशवी धरली. ती तो दोरा बघत राहिली. मग तिनं डाव्या हाताच्या बोटांनी गाठ चाचपली. डावखुऱ्या माणसाची गाठ उलटी पडते. शिवणारीला ते अंधारातही कळतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नीट पाहिलं — कापडात दोष दिसल्यावर बघतात तसं.

मग साहेबांना म्हणाली, "दोरा माझा हाय. गाठ न्हाई."

साहेबांचं मराठी कामापुरतं. त्यात ती हळू बोलली. त्यांनी मला विचारलं, "क्या बोल री ये?"

आता हे ऐका. इथपर्यंतचं सगळं मी आतापर्यंत कशा ना कशाखाली झाकून ठेवलं होतं — घाई होती, भीती होती, हात आपसूक चालले. पण इथे साहेब शांतपणे विचारत होते. वैशाली जिवंत समोर उभी होती. घाई कसली नव्हती. दोन वाक्यं हिंदीत सांगायची होती.

मी म्हणाले, "बोल री, धागा उसीका है."

दुसरं वाक्य मी सांगितलं नाही.

सोनाबाईला हिंदी समजायचं. बाजारात सगळ्यांनाच समजतं. तिनं पिशवी साहेबांच्या हातात परत दिली. एवढंच.

पुढचं सगळं त्या एका अर्ध्या भाषांतरातून आलं. वैशालीची आई धावत आली आणि लेकीला सोडून आधी सोनाबाईवर गेली. "तुझ्या घरी लेकरं न्हाईत का? काय पाप केलं व्हतं माझ्या लेकरानं तुझं?" सोनाबाई उभी राहिली. वैशाली म्हणत होती, "आई, सोड, काकीनं मुद्दाम नाही केलं." ते वाक्यही मी ऐकलं.

तेवढ्यात साहेबांनी रिझर्व्हचं कार्ड काढलं. मोठ्यानं नाव वाचलं. माझं. त्यांच्यात एक रिवाज आहे — रिझर्व्हनं जीव वाचला, की जिनं घडी घातली तिला उडी मारणाऱ्यानं दारूची बाटली द्यायची. "अब बाई को बाटली कैसे दूं?" साहेब म्हणाले. सगळे हसले, जीव भांड्यात पडल्यावर माणसं हसतात तसे. मग फाट्यावरून सरबताची बाटली आणवली. पाहुण्यांनीही ग्लास घेतले. मी घेतला. गोड होतं, फार गोड. घशात दोरा अडकल्यासारखं वाटत होतं, म्हणून दुसरा ग्लास मागून घेतला.

सोनाबाईला साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

चार-पाच दिवसांनी वैशालीची आई माळावर पुन्हा आली. माझी ओटी भरायला. ताडपत्री झाडून त्यावर मला बसवलं. हळदीकुंकू, खण, नारळ. "माझी लेक तुमच्यामुळं हाय, बाई. तुमीच तिची दुसरी आई." मी पदर पसरला.

त्याच वेळी सोनाबाई आली होती. तिचं एक पटकूर आणि पाण्याची कळशी राहिली होती, ती न्यायला. शेडच्या दाराशी थांबली, आमचं होईपर्यंत. मध्ये जाऊ नये म्हणून. ओटीचे तांदूळ माझ्या पदरातून ओघळत होते. दारातून ती म्हणाली —

"पदर नीट धर, टेलरबाई. तांदूळ सांडून राहिले."

एवढंच म्हणाली. कळशी उचलली आणि गेली.

तिनं कधीच कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणी मानलं असतं? कार्डावर सही माझी, पिशवीवर दोरा तिचा. तांड्याच्या नायकानं, म्हणजे तिथल्या प्रमुखानं, तिला बोलावून विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. तिथं काय म्हणाली ते कळलं नाही. तांड्यावरच्या बाया तिला झोळीसुद्धा बांधू देईनात, असं फाट्यावर ऐकलं. कोणाच्या बारशाला तिनं पाळण्याला हात लावला, तर बायकांनी तो हलकेच बाजूला केला. लेकरू तिनं टाकलं तर पडेल म्हणून. त्या हिवाळ्यातच ती नवऱ्याबरोबर कारखान्याकडे निघून गेली, कोयता घेऊन. पुढे दर वर्षी जात राहिली.

मला दाखला मिळाला. बाहेरगावी जाऊन शिकून आले. रिझर्व्हची भीती गेली नाही. दोन हिवाळ्यांनी क्लब बंद पडला, जागेच्या कारणानं. मी दुकानात परत आले. तो दाखला भिंतीवर आहे, फ्रेममध्ये. नवीन मुली विचारतात, मी सांगते — मी एका पोरीचा जीव वाचवला.

असंच सांगते. याच शब्दांत.

वैशाली हिंगोलीला असते, दोन मुलांची आई आहे. दर वर्षी त्या तारखेला येते. नारळ आणते, मुलांना माझ्या पाया पडायला लावते. मी आशीर्वाद देते. गेल्या वर्षी धाकटीनं विचारलं, "आजी, छत्री बिघडवणारी बाई कुठं राहते?" मी म्हणाले, "लांब." तांडा माझ्या दुकानापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे.

सोनाबाई आता उसाला जात नाही, वय झालं. बाळापूरच्या बाजारात दिसते. मान हलवते, मीही हलवते. एकदा दुकानात आली होती, नातीच्या घागऱ्याला दोरा घ्यायला. मी लाल रीळ काढून दिलं. तिनं ते हातात फिरवून पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाली, "हिरवा दे."

हे छापून आलं तर वैशाली वाचेल. वाचू दे. साहेब हयात आहेत की नाही, माहीत नाही. सोनाबाईला वाचता येत नाही. तिला कोणीतरी वाचून दाखवावं लागेल, आणि ते काम मी करेन असं मी म्हणत नाही. वीस वर्षांत वीस मिनिटांचा रस्ता माझ्यानं झालेला नाही.

तेव्हा नोंद म्हणून लिहिते, कार्डावर लिहितात तशी. त्या दिवशी वैशालीची मोठी छत्री मी बांधली. दोरी आडवी आलेली मला दिसली होती. पिशवीला दोरा पांढरा होता. रिझर्व्ह सोनाबाईनं बांधली होती. खाली सही माझी.

— नलू, आखाडा बाळापूर